ऐकणे आणि ऐकवणे : ओरत्तनाडूची वाट आणि मुंबईचे जॅझप्रेमी

संगीताचा इतिहास बहुधा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घराणी, गुरुपरंपरा, रचना, वाद्ये, आश्रयदाते यांना त्यात स्वतंत्र प्रकरणे मिळतात. श्रोत्याच्या वाट्याला मात्र 'रसिकवर्ग' हे एक समूहवाचक नाम येते आणि तेवढ्यावरच त्याची बोळवण होते. वस्तुतः श्रोता नुसता ऐकून थांबत नाही. ऐकलेले तो दुसऱ्याला सांगतो, जमल्यास ऐकवतो, त्यावर वाद घालतो. 'सध्या काय ऐकता आहात?' हा दोन रसिकांमधला प्रश्न वरवर कुशलप्रश्नासारखा वाटला, तरी त्यातून अभिरुचीची देवघेव होत असते. परक्या मुलखातले संगीत एखाद्या समाजात रुजते की उपरे राहते, हेही पुष्कळदा या देवघेवीवरच ठरते. ध्वनिमुद्रिकांभोवती जमणाऱ्या मुंबईतील जॅझप्रेमींचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. परंतु मराठी भाषकांपुरता विचार केला, तर त्या इतिहासाची पूर्वपीठिका मुंबईत नव्हे, कावेरीच्या खोऱ्यात सापडते.

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) यांनी आपली प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या नावाने १८०२ मध्ये येथे छत्र उभारले, आणि त्यावरून या स्थळाला मुक्तांबाळपुरम असे नावही मिळाले. या दगडी वास्तूचा एक भाग रथाच्या आकाराचा असून त्याला घोडे आणि हत्ती जोडलेले दाखवले आहेत. रामेश्वराच्या यात्रामार्गावर भोसले घराण्याने चालवलेल्या छत्रांच्या मालिकेतले हे एक होय. या छत्रांच्या व्यवस्थेचे वर्णन सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. सर्व जातींच्या वाटसरूंना मिळणारे अन्न, आजाऱ्यांची शुश्रूषा, मुलांचे शिक्षण यांचा तपशील त्यात आहे. त्यातली एक गोष्ट विशेष लक्षात राहते. अन्नदान रात्री उशिरापर्यंत चाले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास घंटा वाजवून, तोवर उपाशी राहून गेलेल्यांना बोलावून घेतले जाई. अन्न सिद्ध असणे पुरेसे नाही, ते सिद्ध आहे ही वार्ता दाराबाहेर पोहोचली पाहिजे, हा विचार त्या घंटेमागे होता.

हेच सरफोजी एक विलक्षण श्रोतेही होते. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. किल्ला आणि त्याच्या परिसरापुरती उरलेली सत्ता त्यांनी विद्याव्यासंगात गुंतवली. सरस्वती महाल ग्रंथालयातील त्यांच्या स्वाक्षरीचे युरोपीय ग्रंथ आजही या व्यासंगाची साक्ष देतात. १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरला आलेले बिशप हेबर यांना या राजाचे पाश्चात्त्य शास्त्रांचे आणि शेक्सपिअरचे ज्ञान पाहून आश्चर्य वाटले होते. या जिज्ञासेतून संगीत सुटणे शक्य नव्हते. दरबारात पाश्चात्त्य वाद्ये आली, राजवाड्याचा स्वतःचा बँड तयार झाला, आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतील कागद मोडी, तेलुगू व संस्कृत हस्तलिखितांच्या शेजारी येऊन बसले.

याच परिसरात पाश्चात्त्य संगीताचे दोन निराळे प्रवास घडले, आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. एक प्रवास व्हायोलिनचा. दरबारातील 'तंजावर चतुष्टय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार भावांपैकी वडिवेलु यांनी हे वाद्य आत्मसात केले. पुढे ते त्रावणकोरला गेले, आणि १८३४ मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरवले. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल कल्पिता येत नाही. या भावांचे गुरू मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५-१८३५) यांनी कंपनीच्या पलटणींच्या बँडवर वाजणाऱ्या चालींना संस्कृत साहित्य देऊन 'नोट्टुस्वर' रचना केल्या, आणि त्याही शिष्यपरंपरेने टिकल्या. दुसरा प्रवास राजवाड्याच्या बँडचा. तो राजाच्या कानासाठी वाजत होता. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले, संस्थान खालसा झाले, आणि त्या बँडला पोसणारा श्रोताच उरला नाही. स्वरलिपीचे कागद राहिले. ते ऐकणारी आणि ऐकवणारी माणसे पांगली.

राज्य बुडाल्यावर तंजावरचे मराठी ऐकणे मात्र बुडाले नाही. १८६४ मध्ये रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरात आले. त्यांच्या कीर्तनांनी तेथील श्रोते भारावले, आणि त्या श्रवणातून तंजावर कृष्ण भागवतर (१८४७-१९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तमिळ कथेत असे मिसळले की ते मूळचे कोठले, हे सांगावे लागू नये. राजाश्रयाने जपलेला बँड मुका झाला आणि मठा-मंदिरांत, रस्त्यावरच्या ओट्यांवर ऐकले गेलेले कीर्तन दुसऱ्या भाषेत जाऊन नांदले. दोहोंच्या सांगीतिक गुणवत्तेची तुलना येथे अभिप्रेत नाही. ऐकणाऱ्यांचे वर्तुळ कोणासाठी उघडे होते, एवढाच प्रश्न आहे. आणि तोच प्रश्न घेऊन मुंबईकडे वळावे लागते.

तंजावरात मिशनऱ्यांच्या शिक्षणातून एक श्रोता राजा घडला. गोव्यात चर्चच्या शिक्षणातून वादक घडले. तेथील पॅरिश शाळांत मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही विद्या घेऊन गोमंतकीय तरुण पोटापाण्यासाठी मुंबईला येत, धोबीतलावच्या परिसरात आपापल्या गावांच्या 'कुडां'मध्ये राहत, आणि हॉटेले, क्लब, मूकपटांची थिएटरे येथे वाजवत. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन वादकाने आपला वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत वर्णभेदाचा जाच सोसलेल्या या कलावंतांनी येथल्या वादकांना नुसत्या चाली दिल्या नाहीत. लिहिलेल्या स्वरांच्या पलीकडे जाऊन त्या क्षणी सुचलेले वाजवण्याची मुभा दिली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले आणि लुई आर्मस्ट्राँगच्या शैलीचे मुंबईतील प्रतिनिधी ठरले. वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारले, पण तोवर त्यांची विद्या येथे पोहोचली होती.

ताजमहालाच्या नृत्यगृहात शिरणे सर्वांना शक्य नव्हते. जॅझ मुंबईच्या घराघरांत, म्हणजे मोजक्या घरांत, गेले ते तबकडीच्या वाटेने. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घ मुद्रिका आली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटांचा अवकाश मिळाला. जॅझसारख्या विस्तारशील संगीताच्या दृष्टीने हा बदल मूलभूत होता. वादकाला विचार मांडता आला, श्रोत्याला तो पुरता ऐकता आला, आणि अनेक रचना एका सूत्रात बांधणारा 'आल्बम' हा नवा कलाप्रकार उदयास आला. मात्र स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध होते आणि परकीय चलनाची टंचाई होती. परदेशाहून येणारा एखादा नातेवाईक, एखादा खलाशी किंवा वैमानिक यांच्या सामानातून आलेली मुद्रिका ही एकट्याने उपभोगण्याची वस्तू राहूच शकत नव्हती. ज्याच्याकडे ती आली, त्याच्या घरी संध्याकाळी मंडळी जमत. मुखपृष्ठ हातोहात फिरे, सुई टेकवली जाई, आणि पहिली बाजू संपेपर्यंत शक्यतो कोणी बोलत नसे. काळा घोडा भागातल्या ऱ्हिदम हाऊस या दुकानात मुद्रिका विकत घेण्यापूर्वी ऐकण्याची सोय होती. तेथे ऐकून घरी न नेता परतणाऱ्यांचीही एक पिढी होती. हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

१९५५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. लघुलहरींवरून, खरखरीतून येणाऱ्या त्या तासाने जगभरच्या श्रोत्यांप्रमाणे मुंबईच्या श्रोत्यांनाही जोडले. त्याआधीच, १९५२ मध्ये, निरंजन झवेरी आणि त्यांचे मित्र यांनी मुंबईतून 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले होते. ते अल्पायुषी ठरले. तरीही काही थोड्या श्रोत्यांना आपण काय ऐकतो हे छापून सांगावेसे वाटले, ही गोष्ट श्रवणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. असे सांगण्यात प्रौढी नसतेच असे नाही. आपल्याकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही, हा संग्राहकाचा सूक्ष्म अहंकार प्रत्येक बैठकीत असतो. परंतु मुद्रिका कपाटात ठेवून तो अहंकार सुखावत नाही. त्यासाठी ती दुसऱ्याला ऐकवावी लागते. संग्रहाच्या हव्यासातच वाटून देण्याची सक्ती दडलेली असते.

या बैठकांनी श्रोत्याला एक सवय लावली, आणि तीच त्यांची मोठी देणगी होय. ती सवय म्हणजे 'कोण वाजवत आहे?' असे विचारण्याची. जॅझच्या मुद्रिकेच्या मलपृष्ठावर प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य दिलेले असते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधील 'काइंड ऑफ ब्लू' या आल्बमचा श्रोता केवळ डेव्हिस यांना ओळखून थांबत नाही. सॅक्सोफोनवरचे जॉन कोल्ट्रेन व कॅननबॉल ॲडरली, पियानोवरचे बिल इव्हान्स व विंटन केली, बासवरचे पॉल चेंबर्स, ड्रमवरचे जिमी कॉब असे सर्व त्याच्या परिचयाचे होतात, आणि उद्या त्यांतला एखादा दुसऱ्या मुद्रिकेवर भेटला, तर तो श्रोता मागच्या ओळखीने त्याचे ऐकतो. अमेरिकी समीक्षक लिओनर्ड फेदर यांनी १९४६ पासून नियतकालिकात एक सदर चालवले होते. नाव न सांगता मुद्रिका लावायची आणि वादक ओळखायला सांगायचे, असे त्याचे स्वरूप होते. हा खेळ पुढे जगभरच्या जॅझप्रेमींच्या बैठकींत शिरला. साथीदाराला त्याच्या नादावरून ओळखणे ही श्रोत्याची परीक्षा ठरली. ख्यालगायनाच्या मैफलीत तबलजीला नावानिशी दाद देणाऱ्या मराठी रसिकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

आणि येथेच या इतिहासातली विसंगती समोर येते. न्यूयॉर्कच्या वादकांची नावे ज्यांना मुखोद्गत होती, त्या मुंबईकर श्रोत्यांचे वर्तुळ मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू वर्गाचे होते. त्याच शहरात, काही मैलांवर, जॅझ शिकलेले गोमंतकीय वादक अज्ञातवासात होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेला-क्लबांतील कामे आटली आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. स्वरलिपी लिहिता-वाचता येणाऱ्या या माणसांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंदीय अंग घडवले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली काही नावे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेऊन चित्रपटगीतात जॅझची लय आणली. मराठी माणसानेच, भगवान पालव यांनी, दिग्दर्शित केलेल्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. चाळीच्या गॅलरीतून, गणेशोत्सवाच्या मांडवातून, इराण्याच्या हॉटेलातून महाराष्ट्राने जॅझ ऐकले ते असे. पण ऐकणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते, आणि तबकडीवरच्या चकतीवर वाजवणाऱ्याचे नाव छापलेले नव्हते.

अशा रीतीने एकाच शहरात जॅझचे दोन श्रोतृवर्ग होते. एकाला संगीताचे नाव, वंशावळ आणि वादक ठाऊक होते, पण शेजारचा वादक दिसत नव्हता. दुसऱ्याच्या कानी ते रोज पडत होते, पण त्याविषयी बोलण्याची भाषा त्याच्यापाशी नव्हती. पहिला वर्ग मुद्रिका ऐकून एकमेकांना सांगत होता. दुसरा गाणे गुणगुणत होता. या दोघांत संवाद झाला असता, तर मुंबईचे जॅझ ही मराठी सांस्कृतिक इतिहासातली बाब म्हणून ओळखली गेली असती. तो झाला नाही. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव सामान्य श्रोत्याला माहीत झाले ते १९७७ मधल्या एका लोकप्रिय चित्रपटातील विनोदी पात्रामुळे. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आणि संगीतगुरूचे आहे, हे पुष्कळांना फार उशिरा कळले. इंग्रजीत नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या ग्रंथाने हा काळ संगतवार मांडला, तेव्हा त्यांतले बहुतेक वादक हयात नव्हते.

ही दरी सांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक भारतात आले असता मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह आणि मद्रासमध्ये मृदंगवादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्यासह त्यांनी वादन केले. या दौऱ्याचे ठसे त्यांच्या पुढील आल्बमवर उमटले. निरंजन झवेरी यांच्याच पुढाकाराने १९७८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. ज्यांना मुंबईकरांनी तोवर तबकडीवरच ऐकले होते, ते सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स तेथे उघड्या आकाशाखाली वाजवताना दिसले. महोत्सवासाठी निवडलेला 'यात्रा' हा शब्दही अर्थपूर्ण होता. याच वातावरणात गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस, पियानोवादक लुई बँक्स आणि कर्नाटक संगीताच्या गायिका आर. ए. रमामणी हे एका वाद्यवृंदात एकत्र आले. त्याआधी काही वर्षे जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या 'शक्ती' या समूहात एल. शंकर यांचे व्हायोलिन आणि टी. एच. विनायकराम यांचे घटम् जॅझच्या गिटारशी व झाकिर हुसेन यांच्या तबल्याशी संवाद करत होते. वडिवेलूंच्या पिढीने परक्यांकडून घेतलेले व्हायोलिन, दीड शतकानंतर कर्नाटक संगीताची भाषा बोलत, पश्चिमेच्या श्रोत्यांसमोर आले. जे वाद्य राजवाड्यापुरते राहिले नाही, तेच एवढा पल्ला गाठू शकले.

मराठी समाजात ऐकण्याच्या संस्था नव्हत्या असे म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबची परंपरा १८८३ पर्यंत मागे जाते, आणि श्रोत्यांनी श्रोत्यांसाठी चालवलेल्या संस्थांचे ते उत्तम उदाहरण आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने तर श्रवणसत्रे हाच आपल्या कार्याचा गाभा मानला. जुन्या तबकड्या आणायच्या, लावायच्या, त्यांवरील चकतीचा, क्रमांकाचा आणि कलावंताचा तपशील सांगायचा, आणि तो लिहून ठेवायचा, ही तिची रीत. जॅझप्रेमींच्या बैठकीशी तिचे साम्य उघड आहे. फरक आहे तो विषयाचा आणि भाषेचा. नाट्यसंगीत, ख्याल, भावगीत यांविषयी 'काय ऐकलेत?' हा प्रश्न मराठीत विचारला जातो आणि त्याचे उत्तरही मराठीत मिळते. जॅझविषयीचा प्रश्न मराठी घरात विचारला गेला, तरी उत्तरासाठी इंग्रजीकडे वळावे लागते. संज्ञा घडल्या नाहीत म्हणून समीक्षा झाली नाही, आणि समीक्षा झाली नाही म्हणून संज्ञा घडल्या नाहीत, असे हे चक्र आहे.

आज ध्वनिमुद्रणांची टंचाई संपली आहे. ज्या आल्बमसाठी एकेकाळी परदेशी जाणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी लागे, तो आता कोणालाही क्षणात ऐकता येतो. या विपुलतेने बैठकीची गरज संपली असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात गरजेचे स्वरूप तेवढे बदलले आहे. पूर्वी वस्तू दुर्मीळ होती म्हणून ती वाटून घ्यावी लागे. आता लक्ष दुर्मीळ आहे. असंख्य मुद्रणांतून हेच ऐक, आणि यात अमक्याचे वादन ऐक, असे सांगणारा जाणता मित्र पूर्वीइतकाच आवश्यक आहे. शिवाय यंत्रावर वाजणाऱ्या गाण्यासोबत वादकांची नावे पुन्हा एकदा दिसेनाशी होऊ लागली आहेत. मलपृष्ठ गेले, आणि त्याबरोबर 'कोण वाजवत आहे?' हा प्रश्न विचारण्याचे निमित्तही गेले. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांतील गोमंतकीय वादकांवर जो अन्याय झाला, तो आता सर्वच साथीदारांच्या वाट्याला येण्याचा धोका आहे.

तंजावरच्या मोडी दफ्तरांत दरबारी कलावंतांच्या नेमणुका आणि बिदाग्या यांच्या नोंदी आहेत. ज्यांचे स्वर आता ऐकू येणे शक्य नाही, त्यांची नावे तरी त्या कारकुनांच्या लेखणीमुळे उरली. मुंबईच्या वादकांचे स्वर ऐकू येतात. नावे शोधावी लागतात. ती शोधण्याचे काम केवळ इतिहासकाराचे नाही. ज्याने ज्याने तो ट्रम्पेट, तो सॅक्सोफोन चित्रपटगीतातून ऐकला आहे, अशा प्रत्येक श्रोत्याचे ते काम आहे. ओरत्तनाडूच्या वाटेवरील छत्रांत मध्यरात्री वाजणारी घंटा उशिरा पोहोचलेल्यांसाठी असे. मराठी श्रोता जॅझच्या पंगतीला उशिरा पोहोचला आहे हे खरे. परंतु त्या पंगतीत वाढणाऱ्यांमध्ये हळदोण्याचा आणि पुणतांब्याचा माणूस होता, हे त्याला कळले, तर आपण परक्याच्या दारी आलो आहोत असे त्याला वाटणार नाही. ही वार्ता दाराबाहेर पोहोचवण्याचे काम मराठी संगीतसमीक्षेचे आहे.